एकशे वीस ग्रॅमची चोरी

तांब्याच्या नळीचं एक टोक. अंगठ्याच्या नखाएवढं. असायला हवं होतं बोटभर.

*

"हा काय खाऊन जाड झाला रे?" एसीचा बाहेरचा डबा ट्रॉलीवर चढवताना दोघा कामगारांपैकी एक म्हणाला.

"तू म्हातारा झालास," दुसरा म्हणाला. विषय तिथेच संपला.

*

फ्रीजरमध्ये बर्फाचे चार ट्रे. चारही काठोकाठ भरलेले. पाण्याने.

*

जेवायच्या टेबलावर बाप आणि लेक शेजारी बसतात. बापाला मीठ हवं असतं. मीठ लेकीच्या कोपराशी असतं. बाप समोरच्या बहिणीला म्हणतो, "मीठ मिळेल का कुणाकडून?"

*

चाचणीच्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, गॅसचा अलार्म. हिरवा दिवा. सगळा वेळ हिरवाच.

३०० ग्रॅम

काट्यावरचा आकडा थांबला तेव्हा मापाड्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा तोच होता.

"एकशे ऐंशी," तो म्हणाला.

"नीट बघ."

"बाई, मी जन्मभर काट्यांकडेच बघत आलोय. बायकोकडे बघितलं नसेल एवढं. एकशे ऐंशी."

नकारबाई काट्याजवळ गेली आणि स्वतः पाहिलं. हे तिचं खरं नाव नव्हे. एसीच्या सुरक्षेची परीक्षा घेणाऱ्या संस्थेत ती इतकी वर्षं यंत्रं नापास करत आली होती की शिपायापासून साहेबापर्यंत सगळे तिला पाठीमागे याच नावाने ओळखत. तिला ते माहीत होतं. मनातून थोडं आवडतही होतं. मापाडी तिच्याच संस्थेतला, तिच्याच वयाचा. वजनं करणं हे त्याचं काम आणि तोंड चालू ठेवणं हा छंद.

काल ती दोघं एका घरगुती कारखान्यात आली होती. घरगुती म्हणजे खरोखरच घरगुती. खाली कारखाना, वर घर, मध्ये एक जिना, आणि जिन्यावरून दिवसभर वर-खाली होणारी माणसं. म्हातारे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांची थोरली मुलगी, म्हणजे ताई, जी यंत्रांची आखणी करी. ताईचा नवरा, जावईबापू, जो यंत्रं विकत असे. आणि अण्णांची बहीण, सगळ्यांची आत्या, जी नळ्या ज्योतीवर तापवून जोडी, म्हणजे ब्रेझिंग करी.

इथला नवा एसी प्रोपेनवर चालायचा. प्रोपेन थंडावा देतो झकास आणि हवामानाचं फारसं वाकडं करत नाही. पण तो पेट घेतो. म्हणून नियम असा की खोली जितकी लहान, तितका यंत्रातला गॅस कमी. तीनशे ग्रॅमचा एसी ऐसपैस दिवाणखान्यात लावता येतो, झोपायच्या एवढ्याशा खोलीत नाही. त्यातून यंत्रात भरायच्या शुद्ध प्रोपेनला वासही नसतो. गळला तर जमिनीलगत साचतो आणि नाकाला पत्ता लागत नाही.

काल सकाळी आत्याने नळी जोडली आणि ताईने तीनशे ग्रॅम गॅस भरला, नकारबाईच्या डोळ्यांदेखत. जेवणं झाल्यावर चाचणी सुरू झाली. भट्टीसारख्या तापवलेल्या खोलीत यंत्र न थांबता चालवलं. आज ते थांबवल्यावर नकारबाईने नव्या नियमाप्रमाणे सांगितलं, "आता आतला सगळा गॅस परत बाटलीत ओढून घ्या. तोलायचा आहे."

या नियमाची इथे कुणाला कल्पना नव्हती. ताई चकित झाली. जावईबापू हसला. आत्याने कपाळाला हात लावला, पण तो घाम पुसायला असेल. अण्णा खुर्चीत होते. ते जरा सरळ बसले.

एकशे वीस ग्रॅम गायब होता.

"गळती," मापाडी हळूच म्हणाला.

तो एक शब्द शेऱ्यात लिहिला असता तर सगळं संपलं असतं. गळती लागलेल्या आखणीला ही संस्था पुन्हा दारात उभं करत नाही. ताईची सगळी उमेद या यंत्रात होती आणि शेरा संध्याकाळच्या आत लिहायचा होता.

नकारबाईने पेनाचं टोपण काढलं. मग परत लावलं.

"अलार्म का वाजला नाही?" ती म्हणाली.

२७० ग्रॅम

"तेलात असेल," ताई लगेच म्हणाली.

कॉम्प्रेसरमधलं तेल प्रोपेन पिऊन बसतं हे नकारबाईलाही ठाऊक होतं. थंड तेलात गॅस विरघळून राहतो, गरम केलं की सुटतो. त्यांनी कॉम्प्रेसरला तापवायचा पट्टा गुंडाळला, तेल चांगलं तापू दिलं, पुन्हा ओढून घेतलं. काटा जेमतेम हलला.

"इतकं तर माझ्या मिशीलाही चिकटलं असेल," मापाडी म्हणाला. त्याने काट्यावर प्रमाण वजनं ठेवून पाहिली. काटा इमानदार होता.

मग नकारबाईने थंडाव्याचा आलेख मागितला. कागदावरची रेघ इस्त्री केल्यासारखी सरळ होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"गळणारं यंत्र असं वागत नाही," ती मापाड्याला म्हणाली. "ते आधी दमतं, मग कुरकुरतं, मग बसतं."

"माझ्या सासऱ्यांसारखं."

"याची रेघ एका जागीही खाली आलेली नाही. म्हणजे गॅस चाचणीत गेलाच नाही. त्याआधी गेला. भरल्यानंतर आणि बटण दाबायच्या आधी."

"तेव्हा तर आपण जेवत होतो."

जेवत होतो, खरंच. बाहेरचा डबा तेवढा वेळ मागच्या अंगणात ट्रॉलीवर उभा होता. नकारबाईने त्याच्या दोन्ही झडपांना आपल्या हाताने सील लावलं होतं. ती अंगणात गेली. सीलं चाचणीआधी तिनेच तोडली होती, तेव्हा दोन्ही जशीच्या तशी होती.

पण गॅस भरायची बारीक नळी वेगळी असते. भरून झालं की ती पक्कडीने चेपायची आणि टोक ब्रेझ करून टाकायचं. तिला झडप नसते, म्हणून सील लावायची पद्धतही नाही. नकारबाईने वाकून पाहिलं. नळी नखाएवढी होती.

शेजारी या यंत्राचं जुळं भावंड उभं होतं, त्याच आखणीचं, अजून गॅस न भरलेलं, पण टोक बंद केलेलं. त्याची नळी बोटभर होती.

"चेपलेली नळी उघडायची तर टोचावी लागते," ती म्हणाली. "आणि परत बंद करायची तर टोचल्याच्या खाली चेपून वरचा तुकडा कापावा लागतो. दर खेपेला नळी आखूड होते."

"म्हणजे चोरी."

"चोरीच. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात बसत नाहीये. तीनशेवर चालणाऱ्या यंत्राला एकशे ऐंशी दिले तर ते उपाशी राहतं. खोलीतल्या, थंडावा देणाऱ्या जाळीचा अर्धा भाग कोरडा पडतो."

मापाड्याने मान हलवली. "जाळी मी हात फिरवून बघितली होती बाई, चालू असताना. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी ओली. बादली भरून पाणी गळलं."

ताटातलं अर्धं जेवण कुणीतरी पळवलं होतं, आणि जेवणारा ढेकर देत उठला होता.

२४० ग्रॅम

जावईबापू अघळपघळ बोलला.

"मी गॅस चोरीन? मॅडम, यंत्रात गॅस कुठून भरतात तेही मला धड माहीत नाही. कुठे विकतात तेवढं विचारा." मग खुर्ची पुढे ओढली. "खरं सांगू? गिऱ्हाईक येतं, एसी बघतं, खूश होतं. मग विचारतं, माझी खोली लहान आहे, चालेल का? मी म्हणतो, नाही चालणार. ज्यांच्या घरात सगळ्यात जास्त उकडतं त्यांच्याच खोल्या लहान असतात हो. हिने एकशे ऐंशीचं यंत्र आखलं होतं. अण्णांनी नाही म्हटलं. सगळ्यांसमोर. त्या दिवसापासून या घरात मीठसुद्धा आत्यामार्फत मागतात."

"एकशे ऐंशी?" नकारबाईने विचारलं.

"हिचा आकडा. नेमका. झोपेतसुद्धा तोच बडबडते."

"जेवताना टेबलावरून कोण कोण उठलं होतं?"

"मी फोनवर होतो, अंगणाच्या दाराशी. आत्या बर्फ शोधत होती. अण्णा हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूतच राहिले. आणि ही तर जेवायलाच आली नाही."

आत्या ब्रेझिंगच्या टेबलामागून हलली नाही. प्रश्न कोणताही असो, उत्तर तिच्याकडे आधीच तयार होतं.

"नळी मीच बंद केली. या कारखान्यात नळ्या मीच बंद करते."

"आखूड? असेल. वय झालं की हात आखडतो."

"हे बोट? काल सकाळी भाजलं. बर्फ लावावा म्हणून फ्रीजर उघडला तर ट्रेमध्ये नुसतं पाणी! बर्फ कुणी नेला देव जाणे. पण नेणाऱ्याने ट्रे परत भरून ठेवले, हे मात्र मानलं. या घरात रिकामा ट्रे तसाच आत सरकवायची रीत आहे. भरून ठेवणारा एकच... नाही, कोण ते आता आठवत नाही."

"चेप माझीच आहे. एकदा सांगितलं ना."

चेप तिची नव्हती. नकारबाईने कारखान्यातली पाच-सहा यंत्रं फिरून पाहिली होती. आत्या नळी दोनदा चेपायची, आडवी आणि मग तिरकी. सगळीकडे तीच फुली. चोरीच्या नळीवर एकच चेप होती, रुंद, सावकाश दाबून धरलेली. इथल्या माणसांना एकमेकांची चेप अक्षरासारखी ओळखू येते. आत्याने ती पाहिल्याबरोबर ओळखली होती आणि म्हणूनच ती तोंडावर खोटं बोलत होती.

ताई चाचणीच्या खोलीतच होती, यंत्रापाशी, भिंतीला पाठ लावून. नकारबाईने विचारलं, "एकशे ऐंशी हा तुमचा आकडा?"

"हो."

"यंत्रातून तेवढाच निघाला."

"मला दिसतंय."

"नळीवरची चेप तुम्ही पाहिलीत?"

त्यावर ताईने जे म्हटलं ते नकारबाईने इतक्या वर्षांत कुठल्याही आखणी करणाऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"मॅडम, गळती लिहा."

"काय?"

"माझं यंत्र गळतं. लिहा आणि शोध थांबवा."

२१० ग्रॅम

अण्णा त्यांच्या खोलीत होते. एक लेथ, एक टेबल, आणि भिंतीवर जुनी हत्यारं चढत्या उंचीने टांगलेली. त्यांनी नकारबाईला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण स्टुलावर बसले.

"या यंत्रात एक साठ्याची बाटली आहे," ती म्हणाली. "बाकी कुणी घरच्या एसीत ती घालत नाही."

"रिसीव्हर. माझी कल्पना." अण्णांचा चेहरा उजळला. "मी दुरुस्तीवाला होतो हो. लोकांच्या माळ्यावर, गॅलरीत लटकून आयुष्य काढलं. यंत्र वर्षानुवर्षं थेंबथेंब गळतं. शिल्लक नसेल तर ऐन उन्हाळ्यात बंद पडतं आणि घरातलं तान्हं मूल रडत बसतं. म्हणून बाटली. जादा गॅस तिच्यात पडून राहतो. लागेल तेव्हा लागेल."

"जादा म्हणजे किती?"

"एकशे वीस."

नकारबाईने आकडा वहीत टिपला.

"आणि मुलीचं म्हणणं?"

"ती म्हणते, गळूच नये असं जोडा, मग शिल्लक कशाला? पेट घेणारी वस्तू घरात साठवायची कशाला? बाटली काढा, बाकीच्या नळ्या मी आधीच बारीक केल्यात, एकशे ऐंशीत भागेल." अण्णांनी गुडघ्यावरची धूळ झटकली. "मी नाही म्हटलं होतं."

म्हटलं होतं. नकारबाईच्या कानाने ते 'होतं' टिपलं.

"गॅस तुम्ही काढलात का?"

"मी काढला म्हटलं तर तुम्ही काय लिहाल? बाप मुलीसाठी खोटं बोलतोय, असंच ना? मी नाही काढला म्हटलं तरी तेच. माझ्या तोंडाला आज किंमत नाही." ते उठले, दार उघडून उभे राहिले. "मॅडम, एक विचारू? तुमची संस्था फक्त गॅसच तोलते का?"

नकारबाई जिना जवळजवळ पळत उतरली.

"मापाड्या! मोठा काटा आण. डबा तोलायचाय."

"डबा? रिकामा डबा तोलून काय करायचं?"

"दोन्ही डबे. हा आणि याचं भावंड."

एकाच आखणीचे दोन डबे, दोन्ही रिकामे. वजन सारखं यायला हवं होतं. चोरी झालेला डबा जवळजवळ दोन किलो जास्त भरला.

मापाड्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई, याच्यातून गॅस चोरला आणि हा जाड झाला?"

नकारबाईने पान्याच्या दांड्याने भावंडाच्या साठ्याच्या बाटलीवर हलकेच ठोकलं. टण्ण. मग या यंत्राच्या बाटलीवर.

ठक.

१९० ग्रॅम

सगळ्यांना अंगणात बोलावलं. आत्या हाताची घडी घालून, जावईबापू फोन खिशात टाकून, ताई सगळ्यांपासून दूर. अण्णा ट्रॉलीपाशी.

"ही बाटली पोकळ नाही," नकारबाई म्हणाली. "आत धातूचा ठोकळा आहे. बाहेरून यंत्र अण्णांचं दिसतं, पण आत गॅस साठायला जागाच नाही. म्हणजे हे यंत्र ताईंचं आहे. एकशे ऐंशीवर भागणारं. तीनशे घातले असते तर ते गुदमरलं असतं. ते उपाशी नव्हतंच. म्हणून जाळी शेवटपर्यंत ओली आणि रेघ शेवटपर्यंत सरळ."

ताईने झटकन मान वर केली.

"म्हणजे चोराने गॅस काढला तो यंत्र पाडायला नाही. चालवायला काढला. कसा काढला ते सांगते. रिकामी छोटी बाटली बर्फात पुरली. डबा उन्हात तापलेला होता. गॅस गरम जागेतून थंड जागेत आपण होऊन जातो. एक थेंब हवेत न सांडता. आत्या, तुमचा बर्फ तिकडे गेला."

"माझ्या बोटाचा जीव गेला तिकडे," आत्या म्हणाली.

"आता कोण? जावईबापूंना पक्कड कुठल्या बाजूने धरतात ते माहीत नाही."

"हे मी आधीच सांगितलं होतं," जावईबापू अभिमानाने म्हणाला.

"आत्यांची चेप दुहेरी असते. ताईंचा आकडा आहे, त्यामुळे सगळा संशय त्यांच्यावर जातो. पण त्या जेवायला गेल्या नाहीत तेव्हा कुठे होत्या?"

"माझ्याबरोबर," मापाडी म्हणाला. "मी पोळी खात होतो, या जाळीवर तापमानाच्या तारा चिकटवत होत्या. एक क्षण हलल्या नाहीत. मी अर्धी पोळी देऊ केली, ती पण घेतली नाही."

"उरलं कोण? ज्याच्या खोलीत लेथ आहे. जो साठ्याची बाटली स्वतःच्या हाताने तयार करून ब्रेझिंगला देतो. जो या घरात बर्फाचे ट्रे परत भरून ठेवतो. आणि असा चोर, ज्याने चोरीचा गॅस खोलीत लपवला नाही, कारण पेट घेणारी वस्तू बंद खोलीत ठेवणं त्याच्या हातून होणारच नाही."

ती अंगणाच्या टोकाला गेली. तिथे जाळीचा मोकळा पिंजरा होता, गॅसच्या बाटल्या ठेवायचा. मागच्या रांगेत एक छोटी बाटली उभी होती. गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी होती. नकारबाईने ती मोठ्याने वाचली.

"प्रोपेन. एकशे वीस. गरज नाही."

ताई ट्रॉलीच्या दुसऱ्या बाजूने, थेट बापाकडे बघत म्हणाली, "मला वाटलं तुम्ही माझं यंत्र पाडायला गॅस काढलात."

"आणि म्हणून गळती लिहा म्हणालीस?" अण्णांचा आवाज चढला. "स्वतःच्या यंत्रावर?"

"मग काय, बापावर लिहायला सांगू?"

"अगं गाढवे, यंत्र पडलं असतं तर दोष माझ्या बाटलीला लागला असता. सगळे म्हणाले असते, म्हाताऱ्याची बाटली चुकली. तुझ्या आकड्याला कुणी बोट लावलं नसतं. आणि पास झालं असतं तर मीच यांना म्हणणार होतो, आता गॅस तोला. पण यांनी माझ्या आधीच तोलला आणि हा बाबा गळती म्हणाला." त्यांनी मापाड्याकडे बघितलं. "मग माझ्या बोलण्याला काय अर्थ राहिला? यांनी आपण होऊन शोधायला हवं होतं."

"पण आधी मला सांगायचं होतं."

"काय सांगायचं होतं? तुझं बरोबर आहे, हे? ते काट्याने सांगितलं तर जास्त शोभतं."

"बाटली उचलली तेव्हाच मला जड लागली होती," आत्या म्हणाली. "मी म्हटलं, मरू दे, भावाने काहीतरी मनावर घेतलेलं दिसतंय."

नकारबाईने घसा साफ केला. "सील न लावलेली नळी असली, तरी चाचणीतलं यंत्र न सांगता उघडलंत. ही चाचणी रद्द."

अण्णांनी मान खाली घातली. ताईने डोळे मिटले.

"मी रद्द म्हणाले. नापास म्हणाले नाही. गळती नव्हती, मग गळतीचा शेरा कसा लिहू? याचं भावंड तिकडे उभं आहे. त्याच्यातून बाटली कापून काढा. ठोकळाबिकळा नको, बाटलीच नको. माझ्यासमोर एकशे ऐंशी भरा, चारचौघांत. आणि चाचणी दिवाणखान्याएवढ्या खोलीत नाही घ्यायची. या घरातली सगळ्यात लहान खोली कुठली?"

"माझी," आत्या म्हणाली. "पलंगावरून उतरलं की दारच लागतं."

नकारबाईने ती खोली स्वतः टेपने मोजली. मोजून झाल्यावर टेप हातातच धरून जरा उभी राहिली. तिच्या स्वतःच्या झोपायच्या खोलीचं माप हेच होतं.

१८० ग्रॅम

बाटली अण्णांनी कापली. नळी आत्याने जोडली आणि दोनदा चेपली. गॅस ताईने भरला. खोली तापवली, यंत्र चालवलं, जमिनीपाशी मुद्दाम गॅस सोडून अलार्म वाजतो का तेही पाहिलं; वाजला. जाळी टोकापासून टोकापर्यंत ओली झाली. रेघ सरळ आली. गॅस परत काढून, तेल तापवून, तोलला.

"बाई," मापाडी म्हणाला, "या वेळी चष्मा पुसत नाही."

नकारबाईने होकाराच्या रकान्यात सही केली. पेन तिकडे फारसं गेलेलं नव्हतं. सही जरा वाकडी आली.

जावईबापूने पहिला फोन लावला तो एका लहान खोलीवाल्या गिऱ्हाइकाला. अण्णा दारात उभे होते. रस्त्यावरून जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला त्यांनी हाक मारून थांबवलं आणि आत बोट दाखवलं. "माझ्या मुलीने केलंय. एकशे ऐंशी ग्रॅम फक्त. लहान खोलीत चालतं." त्या माणसाला काही कळलं नाही. अण्णांनी त्याला पुन्हा सांगितलं, सावकाश.

ताई पहिल्या यंत्राची बाटली उघडून बसली होती. आतला ठोकळा पितळेचा होता, आरशासारखा गुळगुळीत. कडेने द्रव वाहायला बारीक खाच होती. एवढं नितळ काम घाईत होत नाही. तिने तो उचलून आपल्या टेबलावर ठेवला.

जेवायच्या वेळी अण्णा म्हणाले, "मीठ."

ताईने दिलं.

अण्णांनी त्या ठोकळ्याची पितळी कांब लेथवर चढवली होती ती ताईला सगळ्यांसमोर नाही म्हटल्याच्याच दुपारी, जेवायच्या आधी.